संगणक एसएसीडी वाचत नाही, मग प्रत काढायची कशी?

नमस्कार. तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. न्यू जर्सीच्या थोरल्या भावाचा संग्रह आता नाशिकला तुमच्याकडे आलाय. साठेक डिस्क, बहुतेक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि थोडं जॅझ. त्यात एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीहून बारीक नोंदीची डिस्क) जास्त, सहा-सात डीव्हीडी-ऑडिओ (डीव्हीडीवरचा तसाच प्रकार). सोबत त्यांचाच प्लेअर आहे, पण त्याचा ट्रे हल्ली कुरकुरत बाहेर येतो आणि काही डिस्क तिसऱ्या प्रयत्नाला वाचल्या जातात. संगणकात घातल्यावर काही डिस्क साध्या सीडीसारख्या दिसतात, काही दिसतच नाहीत. गावातल्या एकाने डिस्कमागे चारशे रुपयांत ‘मास्टर क्वालिटी’ फायली करून देतो म्हणून सांगितलंय. आणि तुम्ही विचारताय, या डिस्कवरचं, प्रत काढू न देणारं कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर कोणतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कुलूप तोडायची कृती मी सांगणार नाही. कायद्याचं कारण आहेच, त्यावर पुढे येतो. पण गेली बावीस वर्षं मी स्पूल, कॅसेटी, तबकड्या आणि डिस्क संगणकावर उतरवून देण्याचं काम करतोय, आणि एसएसीडी घेऊन आलेल्या बहुतेकांना ते कुलूप तोडायची गरजच नव्हती असं माझ्या लक्षात आलंय. त्यांना हवं असतं ते संगीत, चांगल्या आवाजात, प्लेअर बंद पडल्यावरही ऐकता येईल असं. तेवढं बिनधास्त, राजमार्गाने मिळतं.

तुमची खरी अडचण डिस्कची नाहीच. डिस्क नीट ठेवल्या तर तुमच्या-माझ्यानंतरही वाजतील. मरायला टेकलाय तो प्लेअर. म्हणून पहिलं काम त्याचं.

मागच्या बाजूची चिठ्ठी वाचा. अमेरिकेतला प्लेअर असल्यामुळे तिथे ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट कधीही लावू नका. मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. तुम्ही तो वापरत असालच, पण त्याच्या पिना तपासा. माझ्याकडे आलेल्या अशा दोन-तीन स्टेपडाउनमध्ये पुढच्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. वाजवताना काही कळत नाही. रेकॉर्डिंगला बसलात की गुणगुण सुरू होते, आणि माणूस केबल बदलत बसतो. चिठ्ठीवर ‘१०० ते २४०’ असं असेल तर हा परिच्छेद विसरा.

ट्रे कुरकुरतो याचं कारण बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा. तो सैल पडतो किंवा चिकट होतो. डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करणारा कुठलाही जुना कारागीर तो बदलून देईल. त्याच वेळी लेन्स पुसून घ्या. वाळलेल्या ब्रशने नको, आणि बाजारात ब्रश चिकटवलेली ‘क्लीनर डिस्क’ मिळते ती तर नकोच. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेला कापसाचा बोळा, हलक्या हाताने, एकदाच. आता अशा प्लेअरची निवड कमी होत चालली आहे. ओप्पो कंपनीने २०१८ साली प्लेअर बनवणं थांबवलं तेव्हा माझ्या ओळखीतल्या चौघांनी घाईने दुसरा प्लेअर घेऊन ठेवला होता. सोनीचे काही ब्लू-रे प्लेअर एसएसीडी वाजवतात. शक्य असेल तर असा एक सुटा मिळवून ठेवा, म्हणजे जुना मधेच दगावला तरी काम अडणार नाही.

आता संगणक डिस्क का वाचत नाही ते सांगतो. हे कळलं की पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात.

सीडी १९८२ साली आली तेव्हा घरबसल्या डिस्कची प्रत काढणारं यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून तिला कुलूपच नाही. पुढे संगणकात सीडी ड्राइव्ह आले, राइटर आले, आणि कंपन्यांची झोप उडाली. सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये एसएसीडी आणली ती ही ठेच लागल्यानंतर. तिच्यातला आवाज गुप्त लिपीत असतो. शिवाय डिस्कवर जे सूक्ष्म खळगे असतात त्यांची रुंदी अगदी बारीक प्रमाणात कमी-जास्त करून एक खूण उमटवलेली असते. ती खूण ओळखणारं यंत्रच आतला मजकूर उघडू शकतं. साध्या डीव्हीडी ड्राइव्हचा लेझर त्याच जातीचा, थराची क्षमताही डीव्हीडीइतकीच, ४.७ जीबी. पण ड्राइव्हला ती खूण वाचायला शिकवलेलंच नाही. त्यामुळे त्याच्या लेखी तिथे काही नाहीच.

मग काही डिस्क साध्या सीडीसारख्या का दिसतात? कारण त्या दुहेरी थराच्या, म्हणजे हायब्रिड आहेत. एसएसीडीचा थर डिस्कच्या जाडीच्या साधारण मध्यावर असतो आणि तो अर्धपारदर्शक असतो. सीडीचा लेझर त्यातून आरपार जाऊन मागच्या थरावरची साधी, बिनकुलपाची सीडी वाचतो. म्हणजे तुमच्या संगणकाला जे दिसतंय ते खरोखरच त्या डिस्कवर आहे, आणि ते १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे साध्या सीडीच्या दर्जाचं आहे.

डीव्हीडी-ऑडिओची गोष्ट निराळी. तिला डीव्हीडी-व्हिडिओचंच कुलूप जरा पक्कं करून लावायचं ठरत होतं. तेवढ्यात १९९९ च्या शेवटी डीव्हीडी-व्हिडिओचं कुलूप फुटलं, घाईघाईने नवी योजना आखावी लागली, आणि बाजारात यायला २००० साल उजाडलं. ही डिस्क संगणकात घातली तर फोल्डर आणि फायली दिसतात, पण ऑडिओच्या फोल्डरमधला आवाज गुप्त लिपीत असतो. मात्र यातल्या बऱ्याच डिस्कवर साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी एक वेगळा व्हिडिओ विभागही असतो. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या दाबून लहान केलेल्या साच्यांतला, कधी कधी स्टिरिओ पीसीएममधला, म्हणजे सीडीसारखा न दाबलेला. त्यामुळे एसएसीडीचा प्लेअर गेला तरी डीव्हीडी-ऑडिओमधून अगदीच काही ऐकू येणार नाही असं सहसा होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. भावाच्या संग्रहात २००२ ते २००५ च्या दरम्यानच्या साध्या सीडी असतील आणि वेष्टनावर ‘कॉपी प्रोटेक्टेड’ असं छापलं असेल, तर ती सीडी संगणकात घातल्यावर आपोआप उघडणारा प्रोग्राम चालू करू नका. त्या काळात सीडीलाही कुलूप लावायचे प्रयोग झाले. २००२ मध्ये खुद्द फिलिप्सने सांगितलं होतं की असल्या डिस्कवर सीडीचं बोधचिन्ह लावू नका, ती सीडी नव्हे. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी विंडोजमध्ये गुपचूप लपणारा प्रोग्राम बसवतात हे उघड झालं, खटले झाले, डिस्क परत मागवाव्या लागल्या. गाणी ऐकायला पैसे मोजलेल्या माणसाच्या संगणकात चोरून शिरायचं, हा कुलपाचा सगळ्यात वाईट नमुना.

आता कायदा. मी वकील नाही, व्यवसायामुळे जेवढं वाचावं लागलं तेवढं सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसऱ्या बाजूला कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त वापराला सूट आहे. म्हणजे आपल्याकडे हेतूला महत्त्व आहे. अमेरिकेतला १९९८ चा कायदा याहून कडक, तिथे कुलूप मोडणं हीच मुळात आगळीक धरली जाते. तुमच्या पुतण्याला तिकडून काही करून पाठवायला सांगणार असाल तर हे लक्षात असू द्या. आणि स्वतःसाठी काढलेली प्रत मित्रांच्या ग्रुपवर वाटली, किंवा फायली ठेवून डिस्क विकल्या, तर ‘वैयक्तिक’ म्हणायला तोंड उरत नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर पहिल्या पिढीच्या प्लेस्टेशन ३ मधून एसएसीडी उतरवतात असं तुम्हाला वाचायला मिळेल. ते खोटं नाही. २००६ साली आलेल्या त्या खेळाच्या यंत्रात एसएसीडी वाचायची सोय होती, नंतरच्या मॉडेलमधून ती काढून टाकली. पण कायद्याचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवला तरी मला त्यात शहाणपण दिसत नाही. एक म्हातारं यंत्र कुरकुरतं म्हणून तेवढंच म्हातारं दुसरं शोधत फिरायचं, आणि तेही आतल्या सॉफ्टवेअरच्या एका ठरावीक जुन्या आवृत्तीत अडकलेलं.

तर आता साठही डिस्क टेबलावर मांडा आणि तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा हायब्रिडचा. मागे एसएसीडीच्या चिन्हाशेजारी नेहमीचं ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’चं चिन्ह असतं, किंवा सरळ संगणकात घालून बघा. पेंटाटोन, चॅनल क्लासिक्स, बिस, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं स्वतःचं लेबल, यांच्या एसएसीडी बहुतेक हायब्रिडच. तुमच्या वर्णनावरून निम्म्याहून जास्त डिस्क या गठ्ठ्यात जातील असा माझा अंदाज आहे. त्यांचा सीडी थर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारख्या प्रोग्रामने फ्लॅक फायलींमध्ये (दर्जा न घटवता लहान केलेल्या) उतरवा. हा प्रोग्राम प्रत्येक ट्रॅक इतरांनी काढलेल्या प्रतीशी ताडून बघतो, त्यामुळे प्रत बिनचूक आली की नाही ते लगेच कळतं. एका डिस्कला दहा मिनिटं. झालं.

इथे तुम्ही म्हणाल, ‘अहो, पण ती तर साधी सीडी झाली!’ बरोबर. मीही पूर्वी नाक मुरडायचो. २००७ मध्ये बोस्टनच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ वाजवताना मधेच आवाज सीडीच्या दर्जातून फिरवायचा, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं की कुठला कुठला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्यावर पुष्कळ वाद झाले. पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं होतं, ते माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं: एसएसीडी बरेचदा खरोखरच जास्त चांगल्या वाजतात, कारण त्यांचं मास्टरिंग, म्हणजे डिस्क छापण्यापूर्वी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, मन लावून केलेलं असतं. म्हणजे गुण साच्याचा कमी आणि कारागिराच्या हाताचा जास्त.

त्यामुळे हायब्रिड डिस्कबाबत खरा प्रश्न एवढाच, की दोन्ही थरांचं मास्टरिंग एकच आहे का. शास्त्रीय संगीताच्या लेबलांमध्ये ते सहसा एकच असतं. जुन्या रॉक आणि पॉपच्या काही डिस्कमध्ये सीडीचा थर जास्त ठोकलेला, सगळं एका पट्टीत दाबलेला सापडतो. तपासून बघा, पण एक सापळा टाळा. एसएसीडीची प्रमाणित पातळी सीडीपेक्षा साधारण ६ डेसिबलने खाली धरलेली असते. त्यामुळे बटण दाबून एसएसीडीवरून सीडीच्या थरावर गेलात की आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी ‘जिवंत’ वाटतो. आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, मग ठरवा. माझ्याकडे मुलगी बटण दाबते आणि मी पाठ करून बसतो. तिला माझी फजिती बघायला फार आवडतं.

दुसरा गठ्ठा अशा डिस्कचा, ज्यांच्या फायली विकत मिळतात. बऱ्याच लेबलांच्या ध्वनिमुद्रणांच्या २४ बिट फायली किंवा थेट डीएसडी (एसएसीडीवरचा मूळ साचा) फायली कायदेशीर विक्रीला असतात. भावाच्या अगदी जिवाभावाच्या चार-पाच डिस्क असतील तर सरळ विकत घ्या. तुमच्या कुरकुरत्या प्लेअरमधून मी कितीही काळजीने उतरवलं तरी त्याहून सरस काही निघणार नाही.

तिसरा गठ्ठा उरलेल्यांचा. एकच थर असलेल्या एसएसीडी, विशेषतः २०१० पासून जपानमध्ये निघालेल्या एसएचएम-एसएसीडी मालिकेतल्या, काही सुरुवातीच्या काळातल्या, मास्टरिंग वेगळं निघालेल्या हायब्रिड, आणि डीव्हीडी-ऑडिओ. या पंधरा-वीस असतील. यांच्यासाठी खरी मेहनत आहे, आणि ती करायची प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटमधून. कुठलंही कुलूप असलं तरी शेवटी ऐकणाऱ्याच्या स्पीकरपर्यंत आवाज उघडाच पोचवावा लागतो. आपण तो तिथे ओंजळीत धरायचा, कॅसेटच्या काळात रेडिओवरचं नाट्यगीत धरायचो तसा. तेव्हा घराबाहेरून जाणारी स्कूटरही टेपवर यायची, एवढाच फरक.

ऑप्टिकल केबलच्या मागे मात्र लागू नका. दर महिन्याला कुणीतरी ती आणतो आणि ‘आवाजच येत नाही’ म्हणून फोन करतो. एसएसीडी वाजत असताना प्लेअर त्या वाटेने काही देत नाही, डीव्हीडी-ऑडिओला दिलं तरी बहुधा उतरवलेल्या दर्जाचं देतो. एचडीएमआयमधून २००५ च्या आवृत्तीपासून डीएसडी जातं खरं, पण तेही कुलूपबंद आणि ॲम्प्लिफायरसाठी.

सामान थोडकं लागतं. दोन लाइन इनपुट असलेला २४ बिटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात घेणारी छोटी पेटी, दहा-पंधरा हजारांच्या आसपास. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत आरसीएपासून पाव इंची पिनेपर्यंतची केबल मिळते. माइकच्या इनपुटात लावू नका. प्लेअरच्या हेडफोनच्या सॉकेटातूनही घेऊ नका.

प्लेअरच्या मेनूत जाऊन स्टिरिओ विभाग निवडा आणि बास मॅनेजमेंट, टोन, स्पीकरची अंतरं वगैरे सगळं बंद करा. हे कटाक्षाने करा, कारण ही सोय चालू असली की अनेक प्लेअर डीएसडी आधी पीसीएममध्ये बदलून मगच बाहेर पाठवतात. पाच चॅनलचं ध्वनिमुद्रण सुटणार म्हणून हळहळू नका. घरात पाच सारखे स्पीकर नसतील तर ते ऐकणार कुठे? असतील तर सहा इनपुटचा इंटरफेस लागेल आणि काम तिप्पट वाढेल.

लेव्हल. इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. अशा प्लेअरचं आउटपुट पूर्ण आवाजाला २ व्होल्टच्या आसपास असतं, जुन्या टेपडेकपेक्षा कितीतरी जास्त. इंटरफेसवर ‘उणे १०’ आणि ‘अधिक ४’ असा खटका असेल तर ‘अधिक ४’ वर ठेवा, गेन जवळजवळ बंद करा, आणि संग्रहातली सगळ्यात दणदणीत जागा वाजवा. माहलरची एखादी सिंफनी असेलच, तिचा शेवट. तिथे शिखर उणे ६ डेसिबलपर्यंत यावं. एवढी जागा मोकळी ठेवायची, कारण एसएसीडीत शिखरं प्रमाणित पातळीच्या वर ३ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. एकदा बसली की गेनच्या खुंटीला चिकटपट्टी लावा आणि सगळ्या डिस्क त्याच लेव्हलवर उतरवा. प्रत्येक डिस्कला लेव्हल ‘भरून’ घेतलीत तर एकट्या ल्यूटचा आवाज अख्ख्या वाद्यवृंदाइतका होऊन बसतो. २४ बिटांत जागेची कमतरता नाही.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा तो आकडा, ९६ किलोहर्ट्झ ठेवा. १९२ नको, आणि का नको ते सांगतो. डीएसडी हा एका बिटचा, सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा मोजणारा प्रकार आहे. एका बिटाने होणारी खरखर नाहीशी करता येत नाही, म्हणून ती ढकलून कानाच्या पलीकडे, २० किलोहर्ट्झच्या वर नेऊन ठेवतात. मागे एक गृहस्थ १९२ वर उतरवलेल्या फायलीचा आलेख (कुठल्या किलोहर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा) घेऊन आले. वर ४०-५० किलोहर्ट्झला दाट ढग दिसत होता आणि तो झांजांचा नाद आहे अशी त्यांची खात्री होती. मी त्यांना दोन गाण्यांमधली शांतता दाखवली. ढग तिथेही तसाच. चेहरा पडला बिचाऱ्यांचा. तो घरातला केर होता, गालिच्याखाली सारलेला, आणि आपण दुप्पट जागा खर्चून तो जपत होतो.

यात माझी एक चूक तुमच्या उपयोगी पडेल. विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या इनपुटाचा सॅम्पल रेट वेगळ्या ठिकाणी ठरतो. प्रोग्राममध्ये ९६ निवडलं होतं, विंडोजमध्ये ४८ होतं, आणि विंडोज बापडं मधल्या मधे बदलून देत राहिलं. चौदा डिस्क उतरवून झाल्यावर आलेख २४ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा दिसला. चौदाही पुन्हा उतरवल्या, स्वतःच्या खर्चाने. म्हणून इंटरफेससोबत आलेला, विंडोजला वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलणारा ‘असिओ’ ड्रायव्हर वापरा, आणि पहिल्याच फायलीचा आलेख बघा.

याच युक्तीने तुमच्या गावातल्या ‘मास्टर क्वालिटी’चीही परीक्षा होईल. एका डिस्कची फाइल नमुना म्हणून मागा. नाव २४ बिट ९६ असेल आणि आलेख २२ किलोहर्ट्झला सपाट तुटत असेल, तर त्याने हायब्रिडचा सीडी थर काढून नुसता फुगवून दिलाय. त्यासाठी चारशे रुपये म्हणजे पाणी घालून दूध विकणं झालं. साठ डिस्कचे चोवीस हजार होतात, त्यात तुमचा इंटरफेस येऊन वर केबल आणि हार्ड डिस्क सुटेल.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: प्लेअर दुरुस्त, हायब्रिड सीडी थरातून, मिळतात त्या फायली विकत, आणि उरलेल्या आरसीएमधून २४ बिट ९६ वर.

उतरवताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावलात की ५० हर्ट्झची गुणगुण यायची शक्यता वाढते. स्टेपडाउन केबलपासून दोन हात लांब ठेवा. सोसायटीचा पाण्याचा पंप आणि घरचा फ्रीज चालू होताना जो ‘टक्’ होतो तो रेकॉर्डिंगमध्ये चांगला ठळक येतो, म्हणून मी असलं काम रात्री अकरानंतर करतो. डिस्क सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद नुसती शांतता घ्या आणि हेडफोनवर मोठ्याने ऐका. तिथे काही ऐकू येत असेल तर पुढे जाऊ नका.

वेळ डिस्कच्या लांबीइतकाच लागतो, त्याला जवळची वाट नाही. वीस डिस्क, रोज रात्री एक, तीन आठवडे. फार वाटतं का? पण अख्खी डिस्क ऐकावीच लागते, अडखळली की कळतं तेव्हाच. जागेची चिंता नको. २४ बिट ९६ स्टिरिओला मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, तासाला दोन जीबीच्या थोडं वर, आणि फ्लॅक केल्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. वीस डिस्क पंचवीस-तीस जीबीत बसतील. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी.

नंतर फायलींवर ‘सुधारणा’ करायचा मोह आवरा. नॉर्मलाइझ नको, नॉइज रिडक्शन तर अजिबात नको. ट्रॅक तोडताना सिंफनीच्या दोन भागांमधली मूळ शांतता तशीच राहू द्या, आणि जिथे संगीत न थांबता पुढच्या ट्रॅकमध्ये जातं तिथे मधे काही घालू नका. टॅगमध्ये संगीतकार, संचालक, वाद्यवृंद आणि साल लिहा. शास्त्रीय संगीतात ‘आर्टिस्ट’ या एका रकान्याने काही भागत नाही, सहा महिन्यांनी तुम्हालाच बीथोव्हेनची सातवी सापडणार नाही.

तुम्ही लिहिलंय की भावाने पुस्तिकांच्या समासात पेन्सिलीने टिपणं केलीयत, कुठली जागा कुठे ऐकली वगैरे. ती पानं स्कॅन करून त्या-त्या फोल्डरमध्ये ठेवा. हे कुठल्याही प्लेअरमधून निघणार नाही, आणि पेन्सिल पुसट होते.

सुरुवात तिसऱ्या गठ्ठ्यापासून करा, त्यातही ज्या डिस्क प्लेअर एका फटक्यात वाचतो त्यांच्यापासून. अडणाऱ्या डिस्क पट्टा बदलून आणि लेन्स पुसून झाल्यावर घ्या. त्यांचा खालचा भाग उजेडात तिरका धरून बघा, नुसते बोटांचे ठसे असतील तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. हायब्रिड कधीही करता येतील, त्यांना कुठलाही ड्राइव्ह चालतो.

आणि मला प्लेअरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, व्होल्टची चिठ्ठी आणि सगळी सॉकेट दिसतील असा. सोबत स्टेपडाउनच्या पिनेचाही. ते बघितल्याशिवाय कुठली केबल घ्या हे नेमकं सांगता येणार नाही.